गादीचा वास आणि घरचा कापूस

मागच्या वर्षी जानेवारीत आम्ही जळगावच्या घरासाठी फोमची नवी गादी घेतली. तिच्यासोबत येणारा वास आठ-दहा दिवसांत जाईल, असे विक्रेत्याने सांगितले होते आणि खरोखरच तो गेला. थंडीचे दिवस होते, खिडक्या दुपारभर उघड्या असायच्या, त्यामुळे आम्ही तो विषय विसरूनही गेलो. एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला, दुपारचे ऊन ४४ अंशांवर गेले, आणि एका रात्री माझी सात वर्षांची लेक उशीवरून डोके उचलून म्हणाली, "आई, गादीला रंगाच्या दुकानासारखा वास येतो." मी वाकून नाक लावले. वास तोच होता, जानेवारीतला.

हा वास परत का आला, हे समजून घेण्यात माझे पुढचे काही आठवडे गेले. फोमची गादी म्हणजे पॉलियुरेथेन. पॉलिऑल आणि आयसोसायनेट या दोन द्रवांची रासायनिक क्रिया होऊन तो फुगतो आणि घट्ट होतो. तयार फोममध्ये या मूळ द्रव्यांचे स्वरूप पूर्ण बदललेले असते, त्यामुळे झोपणाऱ्याच्या अंगाला थेट आयसोसायनेट लागते असे म्हणणे बरोबर नाही. मात्र क्रिया घडवून आणण्यासाठी वापरलेली साहाय्यक द्रव्ये, थर चिकटवणारा डिंक आणि इतर काही उडून जाणारी द्रव्ये फोमच्या छिद्रांत थोड्या प्रमाणात शिल्लक राहतात आणि हळूहळू हवेत मिसळत जातात. त्यांतील बराचसा भाग पहिल्या काही दिवसांत निघून जातो, पण तापमान वाढले की उत्सर्जनाचा वेग वाढतो. पुण्यातली किंवा नाशिकची खोली आणि एप्रिलमधली जळगाव-भुसावळकडची खोली यांच्यात म्हणूनच फरक पडतो. आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर दारे-खिडक्या लावून घेण्याची रीत आहे. भिंती दिवसभर तापतात आणि रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतात. गादीला यापेक्षा अधिक तापवणारी आणि हवेला यापेक्षा अधिक कोंडणारी व्यवस्था मुद्दाम करायची म्हटली तरी जमणार नाही. या वासाने आमच्या घरात कोणी आजारी पडले, असा माझा दावा नाही. परंतु मूल आठ-दहा तास ज्या वस्तूवर तोंड ठेवून झोपते, त्या वस्तूचा वास त्याच्या नाकाला खुपत असेल तर ती वस्तू बदलावी, एवढे मला पुरेसे वाटले.

महाजालावर शोधू लागले तेव्हा दोन गोष्टी एकदमच अंगावर आल्या. एक भीती, दुसरी किंमत. भीतीचा बराचसा मजकूर अमेरिकेतला होता. त्या देशात १ जुलै २००७ पासून प्रत्येक गादीला उघड्या ज्वाळेच्या चाचणीतून उतरावे लागते, आणि ती चाचणी स्वस्तात पार पाडण्यासाठी काही उत्पादक फोमभोवती काचतंतूंची आतली खोळ चढवतात. वरच्या खोळीची चेन उघडली की ते तंतू घरभर पसरतात. तिकडच्या लोकांचा संताप रास्त आहे, पण आपल्याकडच्या गादीला तोच आरोप जसाच्या तसा चिकटवणे योग्य नाही. तरीही आत काय आहे ते लेबलावर लिहिलेले नसेल, तर फोमच्या गादीची आतली खोळ कापून पाहण्याच्या फंदात कोणी पडू नये, हे त्यातून मी शिकले.

किंमत मात्र आपल्याच देशातली होती. प्रमाणित सेंद्रिय कापूस आणि नैसर्गिक लॅटेक्स (रबराच्या झाडाच्या चिकाचा फोम) यांच्या दुहेरी गादीला जे दर मी पाहिले, ते ३५ हजारांच्या पुढचे होते. जानेवारीत आम्ही १४ हजार खर्चून बसलो होतो, आणि उन्हाळ्यात आणखी खर्च करायचा तर माझी कमाल मर्यादा १० हजारांची होती. मी हे आकडे घरात मोठ्याने वाचत होते, तेव्हा सासूबाई गहू निवडत बसल्या होत्या. त्यांचे माहेर पारोळा तालुक्यातले आणि मनातले बोलायचे असले की त्यांच्या तोंडी अहिराणीच येते. त्या म्हणाल्या, "इतला पैसा कशाले? घरना कापूस शे ना!"

हे वाक्य ऐकून मला स्वतःची लाज वाटली. कपाशीच्या काळ्या जमिनीत जन्मलेली मी, आमच्या गावाकडच्या घरात दिवाळीनंतर ओसरीपासून माळ्यापर्यंत कापूस भरलेला असे आणि आम्ही मुले त्यात उड्या मारत असू. आणि मी दूरच्या शहरातल्या दुकानातून कापसाची गादी मागवण्याचा विचार करत होते.

घरचा कापूस वापरायचे ठरवले खरे, पण तो सेंद्रिय आहे का, या प्रश्नाला मी बगल देऊ इच्छित नव्हते. अमळनेरजवळ शेती करणाऱ्या माझ्या भावाला मी फोनवर विचारले आणि त्याने सरळ उत्तर दिले की नाही. भारतात बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि आज देशातील कापसाच्या क्षेत्रापैकी ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली आहे. सेंद्रिय शेतीच्या निकषांत जनुकीय बदल केलेले बियाणे चालतच नाही, म्हणून भावाने एकही फवारणी केली नसती तरी त्याचा कापूस सेंद्रिय ठरला नसता. आणि फवारण्या तर कराव्याच लागतात. २०१७ मध्ये महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने जो हाहाकार केला, त्यानंतर बोंडे फोडून पाहण्याची आणि पंप पाठीवर घेण्याची धास्ती प्रत्येक शेतकऱ्याच्या मनात बसली आहे.

मग या कापसाच्या गादीवर मुलीला झोपवावे का? यावर मी बराच विचार केला. रुई ही बोंडाच्या आत तयार होते आणि बोंड उकलेपर्यंत झाकलेली असते. आपल्याकडे कापूस हाताने वेचतात. जिथे यंत्राने वेचणी होते, तिथे आधी झाडाची पाने गाळणारी रसायने बहुधा उघड्या बोंडांवर मारावी लागतात, तो प्रकार इथे नाही. फवारणीचे दिवस आणि पहिल्या वेचणीचा कापूस यांच्यात अंतर ठेवले, तर रुईवर थेट औषध पडण्याचा प्रसंग कमी येतो. भावाला मी तेवढेच विचारले की उकललेल्या बोंडांवर शेवटचे औषध कधी मारले, आणि ज्या शेतात त्यानंतर फवारणी झाली नव्हती, त्याच शेतातल्या पहिल्या वेचणीचा कापूस मला हवा, असे सांगितले. फरदडीचा (वेचण्या संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेल्या पिकाचा) कापूस आणि किडका, पिवळा पडलेला कवडी कापूस नको, हेही बजावले.

त्या फोनवर भाऊ आणखी एक वाक्य बोलला, ते माझ्या मनातून गेलेले नाही. तो म्हणाला, "ताई, गादीत औषध राहते की नाही ते मला माहीत नाही, पण पंप पाठीवर असतो तेव्हा ते माझ्या नाकात जाते." सेंद्रिय कापसाचा सर्वांत मोठा लाभ कोणाला होतो, याचे उत्तर त्यात होते. झोपणाऱ्यापेक्षा पिकवणाऱ्याला, त्याच्या विहिरीला आणि त्याच्या बांधावरच्या जनावरांना तो अधिक होतो. म्हणून पैसा असेल त्याने प्रमाणित सेंद्रिय कापूस जरूर घ्यावा, पण तो शेतकऱ्यासाठी घेत आहोत याची जाण ठेवून घ्यावा. ज्याच्याकडे तेवढा पैसा नाही, त्याने साध्या, शुद्ध कापसाच्या गादीवर झोपताना अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

इथे शब्दांचा थोडा उलगडा केला पाहिजे, कारण दुकानदार हे सारे शब्द एकाच पोत्यात भरतात. 'विषमुक्त' किंवा 'केमिकल-फ्री' असे लेबलावर छापलेले असते, त्यामागे कोणतीही ठरलेली चाचणी असतेच असे नाही. 'नैसर्गिक' म्हणजे धागा झाडापासून किंवा प्राण्यापासून आला, एवढेच. 'सेंद्रिय' या शब्दाला मात्र पुरावा लागतो. कापडाच्या बाबतीत जीओटीएस (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्सटाइल स्टँडर्ड) हे प्रमाणपत्र जिनिंगपासून, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्यापासून, शिलाईपर्यंतची साखळी तपासते. त्यात 'सेंद्रिय' म्हणवणाऱ्या कापडात किमान ९५ टक्के आणि 'सेंद्रिय धाग्यापासून बनवलेले' म्हणवणाऱ्या कापडात किमान ७० टक्के प्रमाणित सेंद्रिय धागा असावा लागतो. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० हे वेगळे प्रकरण आहे. ते तयार मालात घातक द्रव्यांचे प्रमाण मर्यादेत आहे का ते तपासते, कापूस कसा पिकवला ते पाहत नाही. त्यातला पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंसाठी असल्यामुळे सर्वांत कडक असतो. अंगाला लागणाऱ्या चादरीसाठी मला हे दुसरे प्रमाणपत्र अधिक उपयोगाचे वाटते. प्रमाणपत्राचा क्रमांक लेबलावर असेल तर तो संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर तपासून पाहावा, नुसत्या चिन्हावर विसंबू नये. ऑक्टोबर २०२० मध्ये जीओटीएस संस्थेनेच भारतातील सुमारे २० हजार टन कापसाच्या बनावट प्रमाणपत्रांचा प्रकार उघड केला होता, हे लक्षात ठेवलेले बरे.

आता रुईची गोष्ट. भावाने आपला कापूस ज्या जिनिंग कारखान्याला घातला, तिथे एवढ्या थोड्या कापसासाठी रेचे (सरकी काढणारी यंत्रे) वेगळे चालवणे शक्य नव्हते. म्हणून त्याच्या मालाचा ढीग यंत्रावर असताना, गाठ बांधण्याआधीची सुटी रुई त्याने त्या दिवसाच्या भावाने विकत घेतली. १ क्विंटल कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकी सरकी. आम्हाला हवी होती ३४ किलो. म्हणजे आमच्या साऱ्या घराचे अंथरूण एका क्विंटल कापसात मावले. शेतीशी संबंध नसलेल्यांनाही हे जमण्यासारखे आहे, कारण धरणगाव, चोपडा, पारोळा, बोदवड, शिरपूर, शहादा अशा गावांच्या आसपास जिनिंग आहेत, आणि ओळखीचा शेतकरी नसेल तर गादी भरणाऱ्याकडेही 'जिनिंगची रुई' म्हणून वेगळी मागता येते.

ती वेगळी मागणे फार गरजेचे आहे. स्वस्त गादीत जो करडा किंवा रंगीबेरंगी ठिपक्यांचा कापूस भरतात, तो जुने कपडे आणि शिवणकामातल्या चिंध्या यंत्रावर पिंजून केलेला असतो. त्यात पॉलिएस्टर, रंग, बटणांचे तुकडे, सगळे असते. गिरणीतून निघणारा टाकाऊ कापूस त्याहून बरा, पण त्यात तंतू फार तोकडे आणि धूळ फार. ओळखण्याची सोपी रीत अशी की चिमूटभर कापूस चिमट्यात धरून, पाण्याची वाटी शेजारी ठेवून, घराबाहेर पेटवून पाहावा. शुद्ध कापूस कागदासारखा वास देत जळतो आणि बोटाने चुरली जाणारी मऊ राख मागे ठेवतो. पॉलिएस्टर असेल तर ते आक्रसते, वितळते, काळसर धूर सोडते आणि शेवटी मण्यासारखी कडक गुठळी उरते. मी चार दुकानांतला कापूस असा पाहिला. दोन ठिकाणी गुठळी निघाली.

जुनी माणसे सांगतात की गादीसाठी देशी कपाशीच उत्तम, आणि त्यांचे खरे आहे. देशी वाणाचा तंतू आखूड, जाड आणि ताठ असल्यामुळे तो दबला तरी पुन्हा उसळतो. सुतासाठी जो दोष ठरतो, तोच गादीसाठी गुण आहे. लांब धाग्याची मऊ रुई लवकर बसते. परंतु देशी कपाशीचा पेरा आमच्या ओळखीच्या कोणाच्याच शेतात उरलेला नव्हता, म्हणून जी होती ती घेतली.

आमच्या भागातले पिंजारी चाचा आता धनुकलीने पिंजत नाहीत, दुकानात विजेचे यंत्र आहे. रुई पाहून त्यांनी मूठभर उचलली, बोटांनी ओढली आणि म्हणाले, "ताई, असा माल आता कोणी आणत नाही. पण एक सांगतो, ही गादी जड होईल, उचलायला दोन माणसे लागतील." मी पिंजताना पाहण्यासाठी थांबले, तर त्यांनी मला दुकानाबाहेर बसवले. आत हवेत इतकी बारीक धूळ उडत होती की समोरची भिंत धूसर दिसत होती. कापसाची ही धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की बिसिनोसिस नावाचा फुप्फुसाचा विकार होऊ शकतो, तो गिरणी-कामगारांच्या आजारांत फार पूर्वीपासून नोंदलेला आहे. चाचांच्या तोंडाला फक्त रुमाल होता. दुसऱ्या दिवशी मी धूळ अडवणाऱ्या मुखपट्ट्यांचा एक डबा त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो घेतला आणि त्यांच्या मुलाने त्यातली एक तिथेच तोंडाला लावली. 'विषमुक्त' गादी हवी म्हणणाऱ्याने ती भरणाऱ्याच्या छातीचाही विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

दोन गाद्या ३ बाय साडेसहा फुटांच्या केल्या, प्रत्येकीत १० किलो रुई. दुहेरी गादी एकसंध करू नये, हा सल्ला चाचांचाच. २० किलोंची गादी गच्चीवर नेणार कोण, आणि नेली नाही तर तिला ऊन मिळणार कसे? मुलीच्या गादीत ७ किलो, चार उशांत सव्वा किलोप्रमाणे ५ किलो, आणि उरलेली सुमारे २ किलो पिंजताना कचरा व धूळ म्हणून गेली. खोळीसाठी गादीपाट घेतला, तोही सुतीच आहे हे सूत जाळून पाहिल्यावर. रुईचा भाव त्या दिवशी किलोला १६५ रुपये पडला, म्हणजे ५,६१० रुपये झाले. गादीपाट १६ मीटर, १२० रुपयांप्रमाणे १,९२० रुपये. पिंजणे, भरणे, दाभणाने टाके घालणे आणि कडा बांधणे यांचे प्रत्येक गादीमागे ४५० आणि उशीमागे ६० रुपये, एकूण १,५९० रुपये. सगळे मिळून ९,१२० रुपयांत तीन गाद्या आणि चार उशा झाल्या. टाके मी जवळजवळ घालायला सांगितले, कारण टाके दूर असले की वर्षभरात कापूस कडेला सरकतो आणि मधे खड्डा पडतो.

चादरींचा खर्च यात नाही, आणि खरे सांगायचे तर मी सुरुवात चादरीपासून करायला हवी होती. एकदम सगळे बदलणे ज्यांना परवडणार नाही, त्यांनी आधी उशीचा अभ्रा आणि चादर, मग उशी आणि शेवटी गादी असा क्रम ठेवावा, असे मी आता सांगेन. चेहरा आणि नाक ज्याला टेकते ते आधी. बाजारात 'इस्त्री नको', 'सुरकुत्या पडत नाहीत' म्हणून जी सुती चादर मिळते, तिच्यावर बहुधा फॉर्मल्डिहाइड (नाका-डोळ्यांना झोंबणारे रसायन) असलेल्या राळेचा थर दिलेला असतो. ती घेऊच नये, आणि घरात असेल तर वापरण्याआधी दोन-तीनदा धुवावी. भडक रंगांची भीती पूर्वी अधिक होती. भारताने १९९७ मध्ये 'ॲझो' प्रकारच्या ७० कृत्रिम रंगांवर बंदी घातली. तरीही मुलांसाठी फिकट किंवा बिनरंगी कापड मला अधिक बरे वाटते. आम्ही मांजरपाट आणला. कोऱ्या मांजरपाटाला कांजी असते आणि तो पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून दोनदा धुतला. पहिल्या रात्री तो अंगाला खरखरीत लागतो, पण पाचव्या-सहाव्या धुण्यानंतर त्याच्यासारखा मऊपणा नाही. आमच्या उन्हाळ्यात घाम शोषणारे कापड हीच चैन असते. कापूस हवेतील ओलावा आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्क्यांपर्यंत सहज धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. मुलीसाठी तेवढी एक प्रमाणित सेंद्रिय चादर घेतली, १,६०० रुपयांना. ती चैन होती, आणि तिच्याबद्दल मला खंत नाही.

एका गोष्टीकडे मात्र आपल्या घरांत फारच दुर्लक्ष होते, ती म्हणजे डांबराच्या गोळ्या. आम्ही महागड्या फोमच्या वासाची चिंता करतो आणि त्याच वेळी पाहुण्यांच्या रजया, दुलया आणि बाळाची दुपटी ज्या पेटीत असतात, तिच्यात नॅप्थॅलीनच्या गोळ्या टाकून ठेवतो. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या नवजात बाळाच्या तांबड्या पेशी नॅप्थॅलीनमुळे फुटू शकतात आणि कावीळ गंभीर होऊ शकते. बाळाला ही कमतरता आहे हे बहुतेक वेळा आधी कोणालाच माहीत नसते. माझी नणंद बाळंतपणासाठी आली तेव्हा आम्ही पेटीतल्या सगळ्या गोळ्या काढून टाकल्या, कपडे धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवले, आणि पेटीत सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला व वेखंडाचे तुकडे पातळ कापडात बांधून ठेवले. पाला दर तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो. या बदलाला एक रुपयाही लागला नाही. आणि बाळाच्या बाबतीत आणखी एक: कापूस कितीही शुद्ध असला तरी तान्ह्या बाळाला मऊ, खोल जाणाऱ्या गादीवर झोपवू नये. त्याला घट्ट, सपाट अंथरुणावर, पाठीवर झोपवावे आणि जवळ उशी किंवा जाड दुलई ठेवू नये. आमच्या जुन्या घट्ट गोधडीची घडी नणंदेच्या बाळाला अगदी योग्य ठरली.

शेवरीच्या, म्हणजे सावरीच्या, कापसाबद्दल बऱ्याच जणी विचारतात. सातपुड्याच्या पायथ्याला काटेसावरीची झाडे पुष्कळ आहेत, वैशाखाच्या सुमारास त्यांची बोंडे फुटून कापूस वाऱ्यावर उडतो. सावरीचा तंतू आतून पोकळ, अतिशय हलका आणि पाणी न धरणारा असतो, म्हणून एके काळी पाण्यात तरंगवणाऱ्या जाकिटांत तो भरत असत. उशीसाठी तो सुरेख आहे. मात्र तो निसरडा असल्यामुळे विरळ कापडातून बाहेर येतो, तेव्हा अभ्रा दाट विणीचा हवा, आणि तो चटकन पेट घेतो हे ध्यानात ठेवून देवघरापासून दूर ठेवावा. गादीसाठी तो नको. वजनाखाली त्याचा चुरा होतो.

काथ्याच्या आणि लॅटेक्सच्या गाद्यांबद्दल थोडक्यात. काथ्याची गादी थंड असते, पण तिचे तंतू एकमेकांना धरून राहावेत म्हणून त्यावर रबराचा लेप असतो आणि वर बहुधा फोमचा थर असतोच. तो थर नसलेली मागून घ्यावी. नैसर्गिक लॅटेक्स उत्तम, पण 'नैसर्गिक' लिहिलेल्या गादीत कृत्रिम रबराची भेसळ किती हे विचारावे, आणि ज्यांना रबराची ॲलर्जी आहे त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

कापसाची गादी काम मागते, हे लपवून उपयोग नाही. ती बसते, जड असते, ओल धरते. पावसाळ्यात फरशीवर अंथरली तर खालून कुबट होते, म्हणून खाली सुतळीची बाज किंवा फटी असलेला लाकडी पलंग हवा. दर पंधरा दिवसांनी ऊन द्यावे, दोन्ही बाजूंनी, आणि काठीने झोडावे. झोडताना ज्याला दमा आहे त्याने जवळ थांबू नये. धुळीतले सूक्ष्म किडे कापसाच्या गादीतही होतात, सेंद्रिय असली तरी होतात. त्यांचा बंदोबस्त कोरड्या हवेने, उन्हाने आणि चादरी-अभ्रे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुण्याने होतो. त्या बाबतीत खानदेशच्या उन्हाइतका स्वस्त मदतनीस दुसरा नाही. तीन-चार वर्षांनी गादी उसवून तोच कापूस पुन्हा पिंजायचा, थोडी नवी रुई घालायची, आणि ती पुन्हा नव्यासारखी होते. फोमच्या गादीला हा पुनर्जन्म नाही.

ती फोमची गादी अजून आमच्याकडेच आहे. तिला कापसासारखे ऊन दाखवायचे नसते, कारण उन्हाने फोम पिवळा पडतो आणि चुरा होऊ लागतो. म्हणून आम्ही ती गच्चीवरच्या पत्र्याच्या सावलीत, भिंतीला टेकवून, संपूर्ण उन्हाळा वारा लागू दिला. जे गादी लगेच बदलू शकत नाहीत, त्यांनीही निदान इतके करावे. गल्लीतल्या एकाने ती जाळून टाकण्याचा सल्ला दिला होता. तसे कोणीही करू नये. पॉलियुरेथेन जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे प्राणघातक वायू निघतात. सप्टेंबरपर्यंत तिचा वास जवळजवळ नाहीसा झाला आणि आता ती बैठकीच्या दिवाणावर, दिवसा बसण्यापुरती वापरतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद आणि माझी धाकटी बहीण दोघी आल्या, तेव्हा नव्या गाद्यांना वर्ष होत आले होते. दुपारी गच्चीवर तापवलेल्या गाद्या संध्याकाळी खाली आणल्या, थोड्या निवू दिल्या आणि वर मांजरपाट अंथरला. लेकीने सवयीने आधी नाक लावले आणि मग काही न बोलता आडवी झाली. सासूबाईंचा तक्क्या तेवढा अजून जुन्याच कापसाचा आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या वेचणीतली ४ किलो रुई बाजूला ठेवायला भावाला सांगून ठेवले आहे.